आठ विरुद्ध एक

माझ्या आजीला राजाराणीच्या गोष्टी येत नव्हत्या. तिला खटले येत. मे महिन्यात आम्ही नातवंडं नगरला जमलो की रात्री गच्चीवर अंथरुणं पडायची, आणि कोणीतरी म्हणायचं, "आजी, नानावटी सांग." ती आढेवेढे घ्यायची नाही. पदर खोचून बसायची आणि सुरू करायची, "उन्हाळाच होता गं तेव्हाही."

तेव्हा म्हणजे 1959 साली. आजीचा संसार त्या काळी गिरगावातल्या चाळीत, दोन खोल्यांचा. आजोबा छापखान्यात खिळे जुळवायचे. उलटी अक्षरं सुलट वाचायची त्यांना इतकी सवय, की कधीकधी सुलट छापलेला मजकूरही ते बोट फिरवून, एकेक अक्षर चाचपत वाचायचे. करंजियांचं 'ब्लिट्झ' हे इंग्रजी साप्ताहिक दर आठवड्याला शेजारच्या बिऱ्हाडात यायचं आणि तिथून चाळभर फिरायचं. इंग्रजी फक्त चौघापाचांना यायचं. ते वाचायचे, मराठीत सांगायचे आणि बाकीचे गॅलरीत उभे राहून ऐकायचे. आजीने खटला असा ऐकला आणि तसाच आमच्यापर्यंत आणला.

गोष्ट साधीच होती. नौदलातला देखणा पारशी अधिकारी, कमांडर कावस नानावटी. 'आयएनएस म्हैसूर' या युद्धनौकेवरचा. त्याची इंग्रज बायको सिल्व्हिया, तीन लेकरं. नवरा समुद्रावर असताना प्रेम अहुजा नावाच्या श्रीमंत सिंधी माणसाने तिला नादी लावलं. नवऱ्याने विचारलं, तिने खरं ते सांगितलं. मग नवरा बंदूक घेऊन नेपियन सी रोडकडच्या त्या घरी गेला, "हिच्याशी लग्न करशील का? मुलांना सांभाळशील का?" असं विचारलं, अहुजाने उर्मट उत्तर दिलं, झटापट झाली, तीन गोळ्या सुटल्या. "आणि मग तो पळाला नाही हं," आजी बोट वर करून म्हणायची, "स्वतःच्या पायाने जाऊन हजर झाला." इथे ती जरा थांबायची. त्या थांबण्यात कमांडरबद्दलचा सगळा आदर असायचा.

पुढे कोर्ट, नऊ ज्युरी, त्यातले आठ जण म्हणाले निर्दोष. टाळ्या. रस्त्यावर फेरीवाले 'अहुजा टॉवेल' आणि 'नानावटी पिस्तूल' असं ओरडत खेळणी विकायचे. चार आण्यांचं 'ब्लिट्झ' लोक दोन रुपयांना घ्यायचे असंही आजी सांगायची, आणि हे मी पुढे इतर अनेकांकडून ऐकलं. "जजाने मात्र ऐकलं नाही," एवढं म्हणून ती उसासा टाकायची. हायकोर्टाने शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने ती कायम केली, पण शेवटी राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी 1964 साली त्याला सोडलं. बायकामुलांना घेऊन तो कॅनडाला गेला. गोड शेवट. आम्ही झोपायचो.

आजोबा या सगळ्यात एकदाच बोलायचे. ते पलीकडे भिंतीला टेकून सुपारी कातरत बसलेले असायचे. आजी "आठ विरुद्ध एक" म्हणाली की ते म्हणायचे, "त्या एकाची गोष्ट सांग की." आजी म्हणायची, "त्याची काय गोष्ट असणार?" आणि पुढे जायची.

मी शिक्षिका झाले. इतिहास शिकवला, नागरिकशास्त्र शिकवलं. न्यायमंडळाचा धडा दरवर्षी यायचा: कनिष्ठ न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय. मुलं तो पाठ करायची, मी तपासायचे. खरं सांगायचं तर इतकी वर्षं मला त्या धड्यात आणि आजीच्या गच्चीवरच्या रात्रीत काही नातं आहे असं वाटलंच नव्हतं.

मग 2018 चा जुलै आला. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी, 1 जुलैला, पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि तिथेच मारलं. त्या आठवड्यात नववीच्या वर्गात मधल्या सुट्टीत मुलं घोळका करून उभी दिसली. मी जवळ गेले. एकाच्या हातात मोबाइल होता, त्यावर कुठल्यातरी मारहाणीची चित्रफीत. राईनपाड्याची होती की दुसरी कुठली, हे त्या मुलालाही माहीत नव्हतं. "बाई, हे मुलं पळवणारे होते," तो म्हणाला. मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" तो म्हणाला, "सगळे म्हणतायत."

मी त्याला रागावले नाही. कारण मला गच्ची आठवली. मीही चौदा वर्षांची असताना 'सगळे म्हणतात' एवढ्यावर एका मेलेल्या माणसाबद्दल मत बनवून झोपले होते. प्रेम अहुजा वाईटच होता, मरायलाच हवा होता, हे मला कुणी सिद्ध करून दाखवलं नव्हतं. मला ते गोष्टीतून मिळालं होतं, गोष्ट आजीकडून, आजीला चाळीकडून, चाळीला एका साप्ताहिकाकडून. आणि त्या साप्ताहिकाने आपली बाजू आधीच निवडलेली होती. 'ब्लिट्झ' उघडपणे कमांडरच्या बाजूने मोहीम चालवत होतं.

माझा धाकटा भाऊ वकील आहे. त्याच्याकडे नागपूरहून निघणाऱ्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'चे जाडजूड खंड आहेत. त्यातला 1962 चा खंड मी घरी आणला आणि सर्वोच्च न्यायालयाचा 24 नोव्हेंबर 1961 चा निकाल तीन रात्री बसून वाचला. कायद्याची भाषा जड, पण आतली गोष्ट आजीचीच. फक्त तिच्यात आजीने न सांगितलेल्या वेळा होत्या.

कमांडर दुपारी दीड वाजता घरातून निघाला. बायको, दोन मुलं आणि शेजारचं एक मूल यांना त्याने सिनेमाच्या थेटराशी सोडलं, सहा वाजता न्यायला येतो म्हणाला. तिथून आपल्या जहाजावर गेला. तिथे खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या. मग अहुजाच्या कचेरीत गेला, तो तिथे नव्हता, म्हणून त्याच्या घरी. गोळ्या झाडल्या गेल्या चार वाजून वीस मिनिटांनी.

आणि ते खोटं कारण? रात्री एकट्याने गाडी हाकत अहमदनगरला जायचं आहे.

मी दिव्याखाली तो शब्द दोनदा वाचला. आमचं गाव. आजीने हे कधी सांगितलं नव्हतं, तिला ठाऊक असणंही शक्य नव्हतं. देशातल्या सर्वांत गाजलेल्या खुनाच्या निकालपत्रात आमच्या गावचं नाव आहे, आणि ते एका थापेत आहे. (गावचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण निकालपत्रात अहमदनगरच राहील.)

दुसऱ्या दिवशी मी वर्गात न्यायमंडळाचा धडा बाजूला ठेवला आणि आजीची गोष्ट सांगितली. जशीच्या तशी, तिच्या थांब्यांसकट. मग नऊ मुलांना पुढे बसवलं, नऊ चिठ्ठ्या दिल्या. नऊही चिठ्ठ्यांवर 'निर्दोष'. आजीच्या चाळीपेक्षाही एकमताने.

मग फळ्यावर आडवी रेघ मारली. एका टोकाला दीड, दुसऱ्या टोकाला चार वीस. मध्ये थेटर, जहाज, कचेरी. अहमदनगरचं नाव आलं तेव्हा वर्ग एकदम जागा झाला. कुणी म्हणालं, "आपलं नगर?" मी म्हटलं, "आपलंच." मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "बाई, मग राग तीन तास टिकतो का?"

या प्रश्नावरच सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता. अचानक भडकून केलेलं कृत्य आणि शांत डोक्याने केलेलं कृत्य यांत कायदा फरक करतो. दीड ते चार वीस हा वेळ स्वतःला सावरायला पुरेसा होता, असं न्यायालयाने म्हटलं. झटापटीचंही तसंच. अहुजा न्हाणीघरातून कमरेला टॉवेल गुंडाळून बाहेर आला होता आणि तो मरून पडला तेव्हाही टॉवेल जागच्या जागी होता. दोन धट्टेकट्टे पुरुष बंदुकीसाठी झोंबले असते तर टॉवेल सुटला नसता का, असा सवाल सरकार पक्षाने टाकला होता. रस्त्यावर खेळण्यासारखा विकला गेलेला तो टॉवेल खरं तर मेलेल्या माणसाची एकमेव साक्ष होता. हे मी वर्गात बोलले तेव्हा माझाच आवाज जरा कापला. इतकी वर्षं आम्ही त्या टॉवेलवर हसत आलो होतो.

दुसऱ्यांदा चिठ्ठ्या दिल्या. या वेळी पाच विरुद्ध चार. कुठले पाच ते मी सांगत नाही, मुलांनाही सांगितलं नाही, कारण मला मोजणीचा आकडा नको होता, त्यांनी चिठ्ठी हातात धरून खिडकीबाहेर बघत घालवलेली ती दोन मिनिटं हवी होती.

"बाई, खऱ्या खटल्यात तो एक कोण होता?" एका मुलीने विचारलं. आजोबांचा प्रश्न इतक्या वर्षांनी परत आला.

त्या एकाबद्दल मी खूप विचार केला आहे. बाहेर शहर पेटलेलं. न्यायाधीश मेहतांसमोर कार्ल खंडालावाला बचाव मांडताहेत. कोर्टाच्या दारात गर्दी. आत आठ जण मान हलवताहेत आणि हा माणूस म्हणतो, नाही, मला पटत नाही. त्याला घरी परत जायचं होतं, कदाचित अशाच एखाद्या चाळीत, जिथे गॅलरीत 'ब्लिट्झ' वाचलं जात होतं. मुख्य म्हणजे तो एकटा पडला तरी वाया गेला नाही. न्यायाधीशांना आठांचा कौल कोणत्याही समंजस माणसांनी देण्याजोगा वाटला नाही, त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं, आणि 11 मार्च 1960 ला जन्मठेप झाली. उच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणाऱ्या यशवंतराव चंद्रचूडांचं नाव मुलांना सांगितलं, ते पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. शिक्षा झाली त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ती स्थगित केली, आणि त्यावरूनही सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं. तो सगळा गुंता नववीला झेपणारा नाही, मी पुढे गेले.

'या खटल्यामुळे ज्युरी बंद झाली' हे आजीचं वाक्य मात्र मी दुरुस्त केलं. ज्युरी काढून टाका अशी शिफारस विधी आयोगाने 1958 सालीच, म्हणजे गोळ्या सुटण्याच्या आधी, केली होती. 1973 च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी उरली नाही. नानावटीने आधीच कललेल्या भिंतीला धक्का दिला, एवढंच म्हणता येईल. आजी असती तर हे ऐकून नाराज झाली असती. तिच्या गोष्टीत भिंत कमांडरनेच पाडली होती.

एका पोराने मग विचारलं, "बाई, म्हणजे ज्युरी वाईटच असते?" त्याला मी टिळकांकडे नेलं. 1908 चा जुलै, मुंबई उच्च न्यायालय, न्यायमूर्ती दावर. बॉम्बप्रकरणानंतर 'केसरी'त लिहिलेल्या लेखांवरून राजद्रोहाचा खटला. तिथेही नऊच ज्युरी. सात युरोपियन, दोन पारशी. मराठी लेख मराठी न येणाऱ्यांसमोर भाषांतर करून वाचले गेले, आणि टिळक तासन्‌तास तेच सांगत होते की शब्दाचा अर्थ भाषांतरात कसा बदलतो. कौल सात विरुद्ध दोन. सात म्हणाले दोषी. सहा वर्षं काळं पाणी, मग मंडाले. गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, प्रत्येक वर्षामागे एक दिवस. एका खटल्यात ज्युरीने सोडलं, एकात अडकवलं, आणि दोन्ही ठिकाणी मी मुलांना अल्पमताकडे बघायला सांगितलं. त्या दोघांकडे आणि त्या एकाकडे.

टिळकांचीच आणखी एक गोष्ट घरोघर सांगितली जाते, डोंगरीच्या तुरुंगातल्या 101 दिवसांची. 1882 साली टिळक आणि आगरकर दोघेही आत गेले, सुटले तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. पण ते आत का गेले हे घरात सहसा सांगत नाहीत. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे तरुण महाराजांचा छळ करताहेत, असा आरोप त्यांनी आपल्या वृत्तपत्रांतून केला होता, आणि ज्या कागदपत्रांच्या भरवशावर केला ती पत्रं बनावट निघाली. हेतू शुद्ध, कळकळ खरी, कागद खोटे. मी हे सांगितलं तेव्हा एक मुलगी घाबरून म्हणाली, "बाई, टिळकांबद्दल असं बोलायचं का?" मी म्हटलं, बोलायचं. ते इतके मोठे होते की त्यांच्याकडून चूकही शिकता येते. तू मोबाइलवर काही पुढे पाठवशील तेव्हा तुझ्या हातात निदान टिळकांइतकी तरी खात्री हवी, आणि तेवढीही एकदा कमी पडली होती.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

आजी गेल्यावर तिची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली. तळाशी अण्णांच्या कापडी पिशवीत दोन कागद होते. अण्णा म्हणजे आजीचा धाकटा भाऊ, तालुक्याच्या गावी एका सोसायटीत लेखनिक. पहिला कागद एका स्थानिक साप्ताहिकाचं कात्रण, 1961 चं. दोन कॉलम रुंद मथळा, अफरातफरीत लेखनिकाला अटक. खाली अण्णांचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, आळीसुद्धा. दुसरा कागद कोर्टाच्या निकालाची नक्कल, 1964 ची. पैसे दुसऱ्यानेच काढले होते, अण्णांची सही खोटी होती, निर्दोष सुटका. त्या साप्ताहिकात सुटकेची एक ओळ आली नाही. अण्णांनी गाव सोडलं, पुन्हा कुणाकडे नोकरी केली नाही, वर्षभराचे पापड करून विकणाऱ्या बायकोच्या हाताखाली राहिले. मला ते आठवतात ते कोपऱ्यात बसून पापडाच्या पुड्यांना दोरा बांधताना. कुणी पाहुणा आला की आत उठून जायचे.

1964 साली कमांडर सुटला ही बातमी आजीच्या चाळीने साजरी केली. त्याच साली तिचा भाऊ सुटला, आणि ती गोष्ट तिने आम्हाला गच्चीवर एकदाही सांगितली नाही. एवढे खटले सांगणारी बाई आपल्या घरातला खटला ट्रंकेच्या तळाशी दडवून बसली होती. छापखान्यात आयुष्य घातलेले आजोबा त्या एका ज्युरीची गोष्ट का मागत होते, हे मला ती पिशवी उघडल्यावर कळलं. अण्णांच्या बाजूने तेव्हा आळीत एकही माणूस बोलला नव्हता.

ते दोन्ही कागद मी वर्गात नेले. अण्णा आमचे कोण हे आधी सांगितलं नाही. फक्त पहिला कागद फिरवला आणि विचारलं, हा माणूस कसा असेल? 'चोर' पासून 'गरीब असेल बिचारा' पर्यंत सगळं आलं, निर्दोष कुणी म्हणालं नाही. मग दुसरा कागद वाचला. वर्ग गप्प झाला. मी म्हटलं, "हे माझ्या आजीचे भाऊ."

त्या दिवशी गृहपाठ दिला: 1964 साली न छापलेली बातमी लिहा. निकालात आहे तेवढंच, त्याबाहेरचा एक शब्द नाही, विशेषण नाही, 'बिचारे' नाही. दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. बहुतेकांनी 'अन्याय' शब्द घातला होता, तो मी तांबड्या शाईने काढला. दोघांनी खऱ्या चोराला शिव्या घातल्या होत्या, त्याही काढल्या, कारण त्याच्याविरुद्ध वेगळा खटला चालला की नाही हे त्या नकलेत नव्हतं.

राईनपाड्याच्या आठवड्यात ज्याच्या हातात मोबाइल होता, त्या मुलाने वही दिली नाही. तासानंतर तो टेबलाशी आला. "बाई, कात्रण जरा द्या." त्याने कंपासपेटीतून पट्टी काढली आणि 1961 च्या त्या कात्रणाची रुंदी मोजली, मग मथळ्याच्या अक्षरांची उंची. वहीच्या पानावर तेवढ्याच रुंदीची चौकट आखली.

"नाव पूर्ण लिहू का?" त्याने विचारलं. "वडिलांचं, गावाचं, सगळं? तसंच, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत?"

मी म्हटलं, "लिही. आळीसुद्धा लिही."

तो बाकावर जाऊन बसला आणि पेन्सिलीने मथळ्याचं पहिलं अक्षर काढायला लागला.